पंचवेशीचे घणकरी

१

भाग्यश्री नेमकं काय काम करते ते लोकांना सांगणं अवघड होतं. देहूरोडच्या शेजारणींनी विचारलं की तिची आई गिरजाबाई एवढंच म्हणायची, "कम्प्युटरवर हाय, तळवड्याला." तळवड्याच्या आयटी पार्कमागे एका तीन मजली इमारतीत गेम बनवणारी छोटी कंपनी होती. तिथं वरच्या मजल्यावर बसून भाग्यश्री एका खोट्या शहरातल्या माणसांची मजुरी ठरवायची.

शहराचं नाव पंचवेस. डोंगरावर एकावर एक अशा पाच वेशी. जो ज्या वेशीत जन्मला त्यानं तिथंच राबायचं, तिथंच सोयरीक करायची आणि तिथंच मरायचं. सर्वांत वरच्या वेशीतला माणूस सकाळी एकदा शिंग फुंकायचा की झालं त्याचं काम. त्याच्या पदरात सोनं पडायचं. सर्वांत खाली घणकरी. डोंगराच्या पोटात घराएवढा लोखंडी घण होता. तो वर गेला की खाली तापलेला पत्रा सरकवायचा आणि तो पडायच्या आत हात काढून घ्यायचा. दिवसभर हेच. त्याचे मिळायचे मूठभर जोंधळे. किती कमी दिलं तरी घणकरी मरत नाहीत आणि किती दिलं की डोकं वर काढतात, या दोन्हींच्या मधली जागा हुडकणं हे भाग्यश्रीचं काम. ऑफिसात त्याला बॅलन्सिंग म्हणत.

कल्पना ज्ञानेशची. तो कंपनीचा मालक, पस्तिशीतला, हसरा, सगळ्यांशी अरे-तुरे करणारा. जातींचं शहर बाहेरच्या देशांतल्या लोकांना फार आवडेल असं त्यानं पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा बाकी सगळ्यांना सोडून भाग्यश्रीकडे पाहिलं होतं. "तुला हे आतून कळेल," तो म्हणाला. कौतुकानंच म्हणाला. तिनं मान हलवली. नोकरी चांगली होती, त्या पगारावर आईचं कंपनीतलं उभ्यानं करायचं काम सुटलं होतं. शेजारच्या टेबलावरची योगिनी तिच्यानंतर लागली आणि तिचा पगार आपल्यापेक्षा बराच जास्त आहे, हे भाग्यश्रीला पुढं कधीतरी चुकून कळलं.

सकाळी आल्या आल्या ती पंचवेस चालू करायची, शहराला आपापलं चालू द्यायची आणि चहाला जायची. त्या सोमवारी ती चहा घेऊन परत आली तेव्हा पडद्यावर संध्याकाळ झाली होती. घंटा वाजून गेली होती. घणकऱ्यांनी आता आपापल्या बिळांत जाऊन जेवायचं आणि झोपायचं, असं ठरलेलं होतं.

ते गेले नव्हते. घणाच्या तोंडाशी रांगा करून उभे होते आणि सगळ्यांच्या माना वर होत्या.

वरच्या वेशींकडे बघत असतील, असं तिला आधी वाटलं. पण नजर वेशींच्याही वर होती. तिनं माऊस सरकवून चित्र डावीकडे घेतलं. सगळ्या माना सावकाश डावीकडे वळल्या.

२

घणकऱ्यांची शरीरं आणि आवाज योगिनीनं केले होते. तिनं येऊन पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

"मी यांच्या पाचच हालचाली केल्यात. चालणं, वाकणं, सरकवणं, खाणं, झोपणं. मान वर करणं नाहीच आहे."

"मग हे काय आहे?"

"बग असेल गं. काय तरी अडकलं असेल." योगिनीनं शहर बंद करून पुन्हा चालू केलं. घणकरी मुकाट्यानं वाकले, पत्रा सरकवायला लागले. ती हसून उठली. कानावर हेडफोन चढवताना मात्र थबकली. "तू नवा आवाज टाकलास का खाली?"

"नाही. का?"

"श्वास ऐकू येतायत." तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "जाऊ दे. माझंच डोकं दुखतंय सकाळपासून."

त्या दिवशी भाग्यश्री घरी आली तेव्हा धाकटा भाऊ धम्मपाल शिफ्टवरून येऊन भिंतीला पाठ टेकून बसला होता. निघोज्याच्या एका प्रेस शॉपमध्ये तो कंत्राटी होता. पत्र्याला आकार देणारी मोठाली प्रेस, आणि तिच्यात पार्ट ठेवायचा, पार्ट काढायचा.

"माझ्या शेजारच्या मशीनवर परमनंट माणूस आहे ताई," तो सांगत होता. "पार्ट तोच, टार्गेट तेच. त्याला माझ्या तिप्पट. त्याला कॅन्टीनात ताट, आम्हाला कुपन. परवा हात आत असला की प्रेस थांबवणारे सेन्सर बंद पडले तर त्याची मशीन थांबवली. आमची म्हणे चालू दे, ऑर्डर आहे."

"मग?"

"उद्या आम्ही पाचजण दादासाहेबाला विचारणार आहोत."

दादासाहेब म्हणजे लेबर कंत्राटदार. गावातलाच, जमिनी कंपन्यांना गेल्यावर माणसं पुरवायच्या धंद्यात आलेला.

गिरजाबाई भाकरी थापता थापता थांबली. "त्यो आडनाव इचारून मानूस मशीनला लावतो, म्हाईत हाय ना तुला? जा, इचार. तुझा हक्कच हाय त्यो. पर गेटाच्या आत बोल. भाईर बोलावलं तर जाऊ नगं."

"आई, मारतोय का काय तो?" धम्मपाल हसला आणि बहिणीकडे वळला. "ताई, तुझ्या त्या गेममधल्या खालच्यांना तू काय देते?"

"मूठभर जोंधळे."

तो आणखी मोठ्यानं हसला. मग हसू ओसरलं. "वाढव की," तो म्हणाला. "तुझ्याच हातात आहे ना ते?"

३

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मजुरी आणखी खाली नेली की घणकरी काम टाकून बसतात आणि खेळणारा कंटाळतो, अशी त्याची तक्रार होती.

"मग थोडी वाढवू या," ती म्हणाली.

"अगं, वाढवली तर मजा काय राहिली? तू त्यांच्यात भीती घाल. एक मुकादम टाक. डोकं वर काढलं की चोप."

दोन तासांत मुकादम तयार झाला. योगिनीनं त्याला रुंद खांदे आणि हातात लोखंडी गज दिला. भाग्यश्रीनं नियम लिहिला: जो काम थांबवेल त्याला तीन फटके, मग तो परत रांगेत. मजुरी निम्म्यावर आणली आणि शहर चालू केलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, एसीचा घुरघुराट चालू होता. योगिनी शेजारी डबा उघडून बसली होती.

रांगेतल्या एकानं पत्रा खाली ठेवला. मुकादमानं त्याला मानेला धरून बाहेर ओढलं आणि गज उगारला. एक, दोन, तीन.

मग चौथा.

तो थांबेना. घणकरी गुडघ्यांवर आला तेव्हा गज नडगीवर पडला. माणूस आडवा झाला, पाय चुकीच्या बाजूला वळला, त्याच वळलेल्या जागेवर गज पुन्हा पडला. मुकादमाला घाई नव्हती. लाकूड फोडताना माणूस जसा नेम धरतो तसा तो नेम धरत होता. बाकीचे घणकरी पाठ करून पत्रे सरकवत राहिले. एकानंही वळून पाहिलं नाही.

"आवाज बंद कर," योगिनी म्हणाली. तिचा घास हातातच होता. "भाग्यश्री, बंद कर तो. मी रिकाम्या खोक्यावर काठी मारून आवाज घेतला होता. हा खोक्याचा नाहीये."

तो ओला आवाज होता. भाग्यश्रीनं शहर बंद केलं. फोन थरथरत होता. आई.

"पाय मोडलं गं त्याचं," गिरजाबाईच्या तोंडून शब्द धड निघत नव्हते. "दोनी पाय. गेटाभाईर बोलावून गजानं मारलं."

"आणि बाकीची पोरं? पाचजण जाणार होते ना?"

"आतच व्हती. मशीन चालू व्हत्या म्हनं. कुनी भाईर आलं न्हाई."

४

चिंचवडच्या हॉस्पिटलात भाग्यश्री भावाच्या खाटेपाशी बसून होती. दोन्ही पायांना लोखंडी सळ्या लावल्या होत्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून दाखवला. नडगीचं हाड एका जागी नव्हे, तुकड्यातुकड्यांत होतं. पोलिसांनी अनोळखी इसम असं लिहून घेतलं. धम्मपाल म्हणत होता, "अनोळखी कसले? दादासाहेब स्वतः उभा होता. गज त्यानंच हातात घेतला शेवटी."

भाग्यश्री स्वतःला समजावत राहिली. भाऊ भांडायला जाणार हे आदल्या दिवसापासून डोक्यात होतं. त्याच धास्तीनं आपण मुकादम लिहिला. नियमात चूक राहिली, तो थांबला नाही. वेळ जुळली, इतकंच. रोज इतक्या गोष्टी घडतात, दोन जुळायच्याच. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिलाही पटत होतं, फक्त त्या ओल्या आवाजापाशी आलं की अडत होतं.

गुरुवारी ती ऑफिसला गेली. एमआयडीसीची सुट्टी असल्यानं आजूबाजूचे कारखाने बंद होते आणि रस्ता ओस पडला होता. योगिनी आजारी म्हणून घरी होती. भाग्यश्रीनं कुणाला न विचारता मुकादम काढून टाकला, घणकऱ्यांची मजुरी सर्वांत वरच्या वेशीइतकी केली आणि शहर चालू केलं.

घणाच्या तोंडाशी धान्याची पोती येऊन पडली. घणकऱ्यांनी त्यांना हात लावला नाही. घण वर जाऊन तसाच थांबला होता.

आणि मुकादम तिथंच होता. तिनं काढलेला. पोत्यांच्या आडोशाला गज छातीशी धरून तो मागं मागं सरत होता. त्या रुंद खांद्यांच्या माणसाला घाबरणं कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो घाबरला होता.

ते त्याच्याकडे चालत गेले. धावले नाहीत. दोघांनी केस धरले, दोघांनी मनगटं. तोंड उघडून तो काहीतरी म्हणत होता. त्यांनी त्याला फरफटत घणाखाली आणलं आणि पत्रा ठेवायच्या लोखंडी पाटावर त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पसरून ठेवले.

शहर बंद करायला एक बटण पुरे होतं. भाग्यश्रीचं बोट त्यावर होतं. डोळ्यांपुढे एक्स-रेतले ते पांढरे तुकडे आले, आणि तिनं बोट उचललं.

घण पडला. वर गेला, पुन्हा पडला. त्यांनी मुकादमाला थोडं पुढं सरकवलं, खांद्यापर्यंत, आणि घण पुन्हा पडला. पाटावरून काळं काहीतरी ओघळलं. भाग्यश्रीनं तोंडावर हात दाबला होता, पण डोळे मिटले नव्हते. मग सगळे घणकरी वळले आणि रांगेनं पहिल्या, सर्वांत खालच्या वेशीच्या दाराकडे चालू लागले. ते दार उघडत नसे. त्यांनी ढकलल्यावर उघडलं.

शुक्रवारी सकाळी वॉर्डातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकच बातमी होती. निघोज्याच्या प्रेस शॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी, बाहेरून कुलूप असताना, लेबर कंत्राटदार दादासाहेब प्रेसखाली सापडला होता. दोन्ही हात खांद्यापर्यंत गेलेले. रक्त वाहून मेला होता.

"लाईट बंद असते गुरुवारी," धम्मपाल छताकडे बघत म्हणाला. "मेन स्विचच खाली असतो. प्रेस पडेलच कशी?" "बरं झालं असं वाटलं पाहिजे ना मला? आधी वाटलं. आता नाही वाटत. ताई, कुणी केलं असेल?"

भाग्यश्री पर्स उचलून उठली.

"कुठं चालली?"

"एक काम राहिलंय. बंद करून येते."

५

जेवणाची सुट्टी झाली होती. ऑफिसातली पोरं खाली वडापावच्या गाडीवर गेली होती. आत ज्ञानेश एकटाच होता, काचेच्या खोलीत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीपुढे उभा. टीव्हीवर पंचवेस चालू होतं.

"अगं ये, ये! सकाळी आलो तर आपोआप चालू होतं. हे तू केलंस? कमाल आहे!"

खालच्या चारही वेशींची दारं बिजागऱ्यांतून निखळून पडली होती. पायऱ्यांवर, ओट्यांवर, कारंज्याच्या पाण्यात माणसं पडली होती, कुणाला हात नव्हते तर कुणाला चेहरा. पाचव्या, सर्वांत वरच्या वेशीत घणकरी घराघरांतून लोकांना बाहेर काढत होते. प्रत्येकाला भिंतीशी उभं करत, त्याचा उजवा हात ओढून तळवा उताणा करत, आणि एकजण त्या तळव्यावरून अंगठा फिरवून बघे. मग दुसरा गज उचले. शिंग फुंकणाऱ्याचा तळवा त्यांनी जरा जास्त वेळ पाहिला. नंतर त्याचं शिंग त्याच्याच घशात घातलं, आणि टाचेनं दाबून आणखी आत घातलं.

"ज्ञानेश, बंद करा ते. प्लगच काढा."

"वेडी आहेस का? समान वाटणी बघायला कोण पैसे देणार? हे बघायला देतील." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "चेहरा बघ तुझा! भावाचं कळलं मला, वाईट झालं. पण कामाचं काम वेगळं ठेवायचं." तो खुर्चीत बसला. "आता यांना आपण चिडवू या जरा." त्यानं घणकऱ्यांच्या मजुरीच्या जागी शून्य घातलं.

पडद्यावर शेवटचं घर रिकामं झालं. भिंती, दारं, पडलेली माणसं सगळं जागच्या जागी होतं. घणकरी मात्र कुठल्याच वेशीत नव्हते. ज्ञानेशनं चित्र खाली नेलं, वर आणलं, डोंगराभोवती फिरवलं. सबंध शहरात हलणारं कुणीही राहिलं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही काळा झाला, एसी थांबला. त्या शांततेत जिन्यावर पावलं वाजली. पुष्कळ पावलं, अनवाणी, एकाच लयीत.

"पोरं आली वाटतं," ज्ञानेश म्हणाला.

"इतकी?"

"थांब, बघतो." खोलीचं दार ओढून घेत तो बाहेर गेला. "कोण आहे रे? ए, कोण पाहिजे?"

६

त्या खोलीची काच छातीपर्यंत धुरकट होती आणि वर साफ. वरच्या भागातून भाग्यश्रीला ज्ञानेशचं डोकं आणि खांदे दिसत होते. त्याच्या भोवतीचे सगळे त्याच्यापेक्षा बुटके होते. त्यांचे फक्त माथे दिसत, राखेनं माखलेले, एकमेकांना चिकटून. भर दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्यावर पडलं होतं.

"अरे, हात काय धरता? सोड! सोड ना!"

ज्ञानेशचा उजवा हात ओढला गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो ओरडला, आणि ते ओरडणं मधेच तुटलं. त्याचं डोकं काचेवर आदळलं, पुन्हा आदळलं. तिसऱ्यांदा काचेला तडा गेला आणि डोकं खाली घसरत दिसेनासं झालं. त्यानंतर धुरकट काचेमागे गज वर जायचा आणि खाली यायचा एवढंच दिसत होतं, आणि काच खालच्या बाजूनं लाल होत वर चढत होती.

भाग्यश्री टेबलाखाली शिरली नाही. टीव्हीपाशी होती तिथंच उभी राहिली. हे खरं नाही, असं तिला अजूनही म्हणता आलं असतं. बाहेर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजत होता, जवळच कुठंतरी पोळ्या भाजल्याचा वास होता. मग त्या वासावर तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि दार उघडलं.

एकच आत आला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. तिथं काय होतं ते तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नसतं. त्याच्या छातीचा भाता चालू होता. तो काय मागेल ते तिला माहीत होतं. तिनं आपण होऊन उजवा हात पुढं केला, तळवा उताणा करून.

"माझी आई बावीस वर्षं कंपनीत उभी राहिली," ती म्हणाली. "माझा भाऊ प्रेसवर आहे. त्याचे पाय... मी तुमच्यातलीच आहे. मी मजुरी वाढवली होती. वाढवली होती ना?"

त्याचा अंगठा कानशीसारखा खरखरीत होता. तो तिच्या तळव्यावरून फिरला, बोटांच्या मुळांशी थांबला, तिथं घट्टे सापडतात का ते त्यानं चाचपलं. तिथं काही नव्हतं. तळवा मऊ होता. आईनं तो मऊ राहावा म्हणूनच आयुष्यभर काम केलं होतं, आणि हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं ते भाग्यश्रीला सुचेना.

त्यानं गज उचलला नाही. तिचं मनगट पकडलं आणि तो चालू लागला. बाहेरच्यांनी वाट करून दिली. पायांखाली चिकट ओल होती. तिनं खाली पाहिलं नाही.

जिन्यात आरडाओरडा करायला तिनं तोंड उघडलं, पण आधी नुसता श्वासच बाहेर पडला. दुसरा मजला गेला, पहिला गेला. तळमजल्यावर पार्किंगमधल्या गाड्या, गेटवरचं ऊन सगळं जसंच्या तसं होतं. वॉचमन खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. "काका!" ती किंचाळली. "काका, धरा मला!" त्यानं मान वर केली, जिन्याकडे पाहिलं, कानात करंगळी घालून हलवली आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

त्या इमारतीला तळघर नव्हतं. जिना खाली जातच राहिला.

पायऱ्या आधी फरशीच्या होत्या, मग दगडाच्या, मग नुसत्या खोदलेल्या. भिंती गरम लागायला लागल्या. खाली कुठंतरी तांबूस उजेड होता आणि जमीन ठरावीक वेळानं हादरत होती. मागून सगळे येत होते, कामाला परत निघालेली माणसं येतात तसे, न बोलता. तिनं एकदा पायऱ्यांवर बसकण मारली. त्यांनी तिला उचलून उभी केली, मारलं नाही.

खाली रांग लागलेलीच होती. दोघेजण बाजूला सरकले आणि त्यांनी मधे एका माणसापुरती जागा केली. कुणीतरी तिच्या हातात चिंधी दिली, चिंधीवर तापलेला पत्रा ठेवला. वर अंधारात घण उचलला जात होता.

शेजारच्यानं तिचं कोपर धरलं, आणि नव्या माणसाला दाखवावं तसं, हात कधी काढून घ्यायचा ते तिला एकदा करून दाखवलं. एकदाच.